पाच मिनिटांवर

जालन्यात सध्या दोनच प्रकारची माणसं राहतात: प्रॉपर्टीचं काम करणारी, आणि त्यांना कोपऱ्यात घेऊन ‘एक पार्टी आहे’ म्हणणारी. मी पहिल्यांतला. दुसऱ्यांत माझा न्हावी आहे, गांधी चमनजवळचा चहावाला आहे, पोराचे गणिताचे सर आहेत आणि झाडून सारी भावकी आहे. गावाला पूर्वापार ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात. पाळण्यात कोण झोपायचं ते ठाऊक नाही. पाळण्याभोवतीची जागा मात्र आता गुंठ्यानं विकायला आहे.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ स्क्वेअर फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्याशी आम्ही एकरात बोलतो, गिऱ्हाइकाशी स्क्वेअर फुटात. दोघं समोरासमोर आले की गप्प बसतो.

आमच्या फ्लेक्सवर किलोमीटर नसतात, मिनिटं असतात. ‘समृद्धी महामार्गापासून ५ मिनिटांवर.’ कशानं, ते लिहायला फ्लेक्सवर जागा उरत नाही. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पण आमच्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीच विकून झाला होता. जालना आणि बदनापूर तालुक्यांतली जमीन रस्त्याला गेली, शासकीय दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला आला. ज्याचं वावर गेलं त्यानं त्या पैशात दुसऱ्या गावी वावर घेतलं. त्या दुसऱ्यानं भाव पाहून आपलंही विकलं आणि तिसऱ्या गावी घेतलं. असं करत करत रस्ता गेला एकीकडून आणि भाव पोचला परतूरपर्यंत. दर वळणावर टक्का घ्यायला आमच्यातला कुणीतरी उभा होताच.

मग आलं ड्राय पोर्ट. २०१५ च्या डिसेंबरात जवसगावजवळ त्याचं भूमिपूजन झालं. समुद्र नसलेलं बंदर म्हणजे काय, हे समजावताना पुण्याच्या एजंटाला घाम फुटला असता. आमच्याकडे पाणी नसलेली नदी सगळ्यांनी पाहिलेली आहे. कोरडं बंदर लोकांना लगेच पटलं.

३० डिसेंबर २०२३ ला मुंबईची वंदे भारत जालन्याहून सुरू झाली आणि फ्लेक्सवाल्याची दिवाळी झाली. ‘जिथून वंदे भारत सुटते, तिथे तुमचं घर!’ ऑगस्ट २०२५ मध्ये गाडी नांदेडपर्यंत वाढली. आम्ही ‘सुटते’वर ‘थांबते’ची पट्टी चिकटवली. भाव उतरला नाही, पट्टीचा खर्च तेवढा अंगावर आला. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रानं मंजुरी दिली होती. तेव्हापासून राजूर-भोकरदनकडच्या प्रत्येक वावरातून रूळ जातोय. काही वावरांतून तर दोनदा जातोय. गिऱ्हाइकाला स्टेशन शेजारी हवं असतं, शेतकऱ्याला रूळ बांधाला घासून हवा असतो, आणि मला त्या दोघांना एका टपरीवर बसवायचं असतं. मधल्या काळात, २०२३ साली, आमची नगरपरिषद महापालिका झाली. प्लॉट रात्रीत एक इंचही सरकला नाही, सकाळी भाव मात्र महानगराचा होता.

तर बाजार असा वर चाललेला, आणि खाली आमच्या पायाखालची चटई ओढली जात होती. चटईवरून आठवलं, चटई क्षेत्र. महारेरानं २०२३ मध्ये फर्मान काढलं की एजंटांनी २० तासांचं प्रशिक्षण घ्यावं आणि परीक्षा द्यावी. प्रमाणपत्राशिवाय नोंदणी नाही. दहावीनंतर ज्यांनी पेन फक्त इसार पावतीवर टेकवलं, ती मंडळी चष्मे पुसत अभ्यासाला बसली. चटई क्षेत्राची व्याख्या पाठ करा म्हणाले. आम्ही जी जागा विकतो तिच्यावर त्या वेळी कपाशी असते. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी तर कॉम्प्युटरवरचा प्रश्न वाचून शेजारच्याला हळूच सांगितलं, “उत्तर सांग, दोघांत अर्धा टक्का.”

खरी पंचाईत घरी झाली. ही परीक्षा घेते आयबीपीएस, बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारीच संस्था. माझा पुतण्या संभाजीनगरला खोली करून कित्येक वर्षं तिच्याच मागे लागलाय. त्याच्या आधी त्याचा काका आयबीपीएस पास! आठवडाभर जेवताना आमच्याकडे फक्त वाट्यांचा आवाज होता. पोरगं आता माझ्यासाठी ड्रोन उडवतं आणि रील बनवतं. रीलमध्ये प्लॉट हिरवागार दिसतो, मागे सनई वाजते. एकदा ड्रोन शेजारच्या मोसंबीच्या बागेत पडला, तेव्हापासून त्या बागेच्या मालकाशीही आमची ओळख झाली. त्यालाही विकायचीच आहे.

गिऱ्हाईक मात्र पार बदललं. पूर्वी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचं आणि मी हात करीन तिकडे बघायचं. आता येण्याआधीच त्यानं उपग्रहाचा नकाशा पाहिलेला असतो, महाभूलेखवर सातबारा काढलेला असतो, रेडी रेकनर तोंडपाठ असतो. “काका, हे ग्रीन झोनमध्ये दिसतंय,” असं पंचविशीतलं पोरगं मला माझ्याच शिवारात सांगतं. “तुकडेबंदीचं काय?” असंही विचारतं. आहेच तो १९४७ चा कायदा. जिरायतीला २० गुंठ्यांची अट, बागायतीला १० ची, आणि गिऱ्हाइकाला पाहिजे दोन. म्हणून मधल्या काळात लोकांनी एकाच कागदावर सामाईक खरेद्या केल्या; ज्यांनी एकमेकांचा चेहराही पाहिला नव्हता असे दहाजण एका खरेदीखतात सख्खे भाऊ झाले. आता सरकारनं त्यात ढील दिलीय, तर हे दहा भाऊ वाटणीसाठी भांडायला मोकळे झालेत.

एक गोष्ट मात्र अजून कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही, आणि तिच्यावरच माझी चूल पेटते: सातबाऱ्यामागची माणसं. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं, वावर अकरा जणांचं असतं. म्हणून मी लग्नपत्रिका वाचतो. गंमत म्हणून नव्हे, सर्च रिपोर्ट म्हणून. निमंत्रकांची यादी वरून खाली वाचली की चुलते कळतात, कोण कोणाशी बोलत नाही तेही कळतं, कारण त्याचं नाव गाळलेलं असतं. पण त्यात बायका नसतात. त्या सापडतात अगदी तळाशी, ‘आमच्या मामाच्या’ किंवा ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिमुकल्यांत. त्या चिमुकल्यांतलं एखादं बापाविना असेल तर माझा व्यवहार तिथंच बसतो: अज्ञानाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पत्रिकेवर गणपती पाहून लोक हात जोडतात, मी तळाची ओळ पाहून जोडतो.

तेराव्याला मी न चुकता जातो. वाईट वाटतं म्हणूनही जातो, पण वारस नोंदीच्या आधी सगळे वारस एका पंगतीत बसलेले पुन्हा दिसत नाहीत. कुणी कुणाला वाढायला नाही म्हटलं, हे भूमी अभिलेखच्या दप्तरात मिळत नाही. जुनं काही शोधायचं तर मोडी वाचणारे एक आजोबा आहेत आणि निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांसाठी जुन्या जालन्यातले एक चाचा. दोघं एका बाकावर बसून माझं दप्तर वाचतात आणि चहाचं बिल माझ्या नावावर लावतात.

आणि मग बहिणी. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो जन्मापासूनचा म्हणून पक्का केला. त्याआधी आपल्याकडे महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा केला होता, पण तो बहुतेक भावांना पोस्टानं पोचला नसावा. अजूनही ‘बहिणीचं काय, ती हक्कसोड करून देईल’ असं छाती काढून सांगणारे येतात. त्यांच्याकडून मी इसार घेत नाही. आधी बहिणीकडे जातो.

परवा असंच अंबडकडच्या एका वावरासाठी देऊळगाव राजाला गेलो. तिघी बहिणी, थोरल्या तिथं दिल्या आहेत. भाचा म्हणाला होता, आत्या भोळी आहे, साडी घेऊन जा. मी साडी नेली नाही, मोसंबी नेली. आत्यांनी चहा टाकला, भिंगाचा चष्मा चढवला आणि मोबाईल काढला.

“रेकनरचा भाव हा आहे,” त्या म्हणाल्या, “आणि बाजार कितीचा चाललाय, खरं सांगा.”

मी खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं असेल, कारण समोरच्यांना भाव माझ्यापेक्षा दोन रुपये जास्तच माहीत होता.

“माझा वाटा चेकनं, खरेदीच्या दिवशी, सहीच्या आधी. दोघी धाकट्यांचाही तसाच. त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत.”

“आत्या, मग तिघींच्या सह्या तुम्हीच आणून द्याल?”

“आणून देईन की. त्याचा टक्का किती?”

मी घाईघाईनं म्हणालो, तसं चालत नाही, एजंटाला रेराचं प्रमाणपत्र लागतं, परीक्षा असते.

आत्यांनी मोसंबी सोलत विचारलं, “पेपर मराठीत असतो ना?”