आमच्याकडे मर्फीच होता: जुना रेडिओ ओळखण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

लहानपणी घरात असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ नेमका कोणता, हे शोधून काढायची हौस माणसाला साधारण पन्नाशीनंतर लागते. तोवर रेडिओ भंगारात गेलेला असतो आणि ज्यांना खरी माहिती होती ती मंडळी हार घालून भिंतीवर गेलेली असतात. तरी धीर सोडू नये. पुढच्या सूचना पाळल्या तर सामान्य बुद्धीच्या माणसालाही दोन-तीन नातेवाइकांशी वितुष्ट पत्करून उत्तरापर्यंत पोचता येतं.

सगळ्यात आधी ‘मर्फी’ हे उत्तर बाजूला ठेवा. कोणालाही विचारा, आमच्याकडे मर्फीच होता म्हणून सांगतो. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, खपही दांडगा होता, हे मान्य. पण मग फिलिप्स, बुश, जीईसी, एचएमव्ही, नॅशनल एको हे रेडिओ घेत कोण होतं? गोम अशी की ओठांवर बोट ठेवलेलं मर्फीचं ते गुटगुटीत बाळ जाहिरातींत आणि कॅलेंडरांवर सगळ्यांनीच पाहिलेलं. डोक्यात बाळ राहिलं आणि आपला रेडिओ मागाहून त्याच्या शेजारी जाऊन बसला. २०१२ साली ‘बर्फी’ आला, त्यात नायकाचं खरं नावच मर्फी. त्यानंतर उरल्यासुरल्या फिलिप्सवाल्यांनीही पक्ष बदलला.

आता आकार. ‘कपाटाएवढा होता’ हे वाक्य ज्या वयातल्या आठवणीवर उभं आहे, त्या वयात स्टूलही कपाटाएवढं वाटतं. आठवणीतल्या मापाला बिनदिक्कत दोनाने भागा. लाकडाचंही तसंच. शिसवी म्हणून ज्याची वर्णनं होतात ते बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि त्यावर व्हिनियरचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. मागच्या कडेला जिथे ओल लागून तो सुटला असेल तिथे नखाने उचलून पाहा, खालचे थर मोजता येतात. हे घरात कोणाला सांगू मात्र नका.

आवाजाची आठवण जास्त भरवशाची. बटण फिरवल्यावर काय व्हायचं ते आठवा. डायलमागचा दिवा लगेच लागायचा, पण आवाज यायला अर्धा मिनिट जायचं. आधी बारीक घूं, मग निवेदक लांबून चालत आल्यासारखा मोठा होत जायचा? तर तो विजेवरचा व्हॉल्व्ह रेडिओ. व्हॉल्व्हच्या आतलं हीटर तापून कॅथोड लाल झाल्याशिवाय काम सुरू होत नाही, म्हणून हा उशीर. बटण फिरवताच आवाज येत असेल तर तो ट्रान्झिस्टर. पण इथे एक पोटनियम आहे. गावाकडे वीज नव्हती आणि तरी आजोबांकडे मोठा रेडिओ होता, असं असेल तर तो बॅटरीवरचा व्हॉल्व्ह सेट असू शकतो. त्यातले डीके ९६, डीएल ९६ यांसारखे व्हॉल्व्ह दीड व्होल्टाच्या आतच पेटायचे आणि जवळपास लगेच बोलायचे. वरच्या दाबासाठी ९० व्होल्टची विटेसारखी बॅटरी वेगळी लागे आणि ती महाग असे. म्हणजे ‘बातम्या झाल्या की आजोबा रेडिओ बंद करायचे, गाणी लावू द्यायचे नाहीत’ ही तक्रार आजोबांच्या स्वभावाबद्दल नसून रेडिओच्या प्रकाराबद्दलचा पुरावा आहे. तशी नोंद करा.

हिरवा डोळा आठवत असेल तर तुम्ही सुदैवी आहात. स्टेशन नीट लागलं की त्यातली सावली मिटत जायची. हा डोळा म्हणजेही एक व्हॉल्व्हच. गोल असेल तर ईएम ३४, पंख्यासारखा पसरणारा असेल तर ईएम ८०, आडवी पट्टी असेल तर ईएम ८४, अशी ढोबळ विभागणी धरून चाला. स्वस्त सेटला डोळा नसे. आतेभाऊ म्हणाला आमच्याला दोन होते, तर विषय बदला.

यानंतर साक्षीपुरावे. काकांना विचारताना एक पथ्य पाळा: कंपनी विचारू नका, भांडणं विचारा. रेडिओ कोणाच्या पगारातून आला, एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी ओट्यावर टांगताना कोण स्टुलावरून पडलं, कोणाला हात लावायची बंदी होती, हे सगळं काकांना तंतोतंत आठवतं. आत्या क्रोशाच्या रुमालाचा रंग सांगेल; तो ऐकून घ्यावा, उपयोग शून्य. तारखांच्या बाबतीत मात्र दोघांचीही उलटतपासणी घ्या. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं लागली. ते आपण पहिल्यांदा ट्रान्झिस्टरवर, शेतात बसून ऐकलं असं काका म्हणाले, तर पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेतच १९५४ च्या अखेरीला विकायला आला होता, हे नम्रपणे निदर्शनास आणा. बिनाका गीतमाला दर बुधवारी ऐकायचो म्हणत असतील तर रेडिओला शॉर्टवेव्ह हवाच, कारण गीतमाला रेडिओ सिलोनची आणि सिलोन त्यावर लागे. फक्त मीडियम वेव्हचा लोकल सेट इथेच बाद झाला.

माणसांपेक्षा कागद बरे. पोस्टातून काढायच्या रेडिओ लायसन्सचं पुस्तक ट्रंकेत सापडलं तर त्यातल्या तिकिटांवरचे शिक्के वाचा. रेडिओ निदान केव्हापासून होता ते कळतं. त्याहून बरा मुंजीचा ग्रुप फोटो. पूर्वी घरातली मोलाची वस्तू फोटोत यावी अशी व्यवस्था केली जायची, तेव्हा बटूच्या मागे अर्धा रेडिओ हमखास दिसतो. भिंग घेऊन बटणं मोजा. बँड बदलायला फिरवायचं बटण आहे की पेटीच्या पट्ट्यांसारखी पांढरी बटणं ओळीने आहेत, ते पाहा. डायलवर किलोसायकल लिहिलंय की किलोहर्ट्झ, हे वाचता आलं तर फारच छान. हर्ट्झ हे एकक १९६० नंतर रुळलं, जुन्या काचांवर सायकलच असतात.

प्रत्यक्ष रेडिओ हाताशी असेल तर तोंड भिंतीकडे करून ठेवा. त्याची खरी ओळख पाठीवर असते, आणि पाठीकडे जायची मुलांना बंदी होती. म्हणून तर ही मार्गदर्शिका लिहावी लागली. भोकं पाडलेला पुठ्ठा, त्यावर ‘ए’ आणि ‘ई’ अशी एरियल-अर्थची भोकं, कोपऱ्यात मॉडेलचा कागद आणि तो नेमका आकड्यावरच कसरीने खाल्लेला. फिलिप्सच्या जुन्या क्रमांकात शेवटी ए असेल तर एसी, यू असेल तर एसी-डीसी दोन्ही, बी म्हणजे बॅटरी. कागद गेलाच असेल तर पालीची अंडी बाजूला सारून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईएल ८४ यातला ई म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट, एल म्हणजे लाउडस्पीकरला ताकद देणारा आउटपुट पेंटोड, आणि आठाचा आकडा नऊ पिनांच्या बैठकीचा. यूसीएच ८१, यूएल ८४ अशी यू-ने सुरू होणारी मंडळी दिसली तर हात मागे घ्या. हा ट्रान्सफॉर्मरशिवायचा एसी-डीसी सेट. यातली हीटर दिवाळीच्या माळेसारखी एकापाठोपाठ जोडलेली, एक गेलं की सगळी विझली. आणि आतला लोखंडी सांगाडा थेट मेनच्या एका तारेला जोडलेला. पिन उलटी बसली की सबंध सांगाडा जिवंत. ‘हात लावू नकोस’ असं आजोबा का ओरडत, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जाणार असाल तर ‘चालू है’ या शब्दांचा अर्थ ‘दिवा लागतो’ एवढाच घ्या. उचलून पाहा. लाकूड मोठं आणि वजन हलकं असेल तर आत ब्लूटूथ आहे. खोक्यावरची पट्टी एका कंपनीची, आतला सांगाडा दुसऱ्याचा, बटणं तिसऱ्याची, असेही असतात, आणि तेच सगळ्यात जास्त लोकांना ‘अगदी आमच्यासारखा’ वाटतात. घरी आणल्यावर कौतुकाने प्लगमध्ये घालू नका. कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असतात. काही क्षणांत वास येतो आणि तो आठवणीतला नसतो. जाणत्या मेकॅनिककडे न्या. तो आधी एक साधा बल्ब सिरीजमध्ये लावून करंट देईल. बल्ब भगभगीत पेटला तर आत काहीतरी शॉर्ट आहे.

एवढं सगळं जमलं आणि कंपनी, मॉडेल, साल निश्चित झालं, की घरच्या ग्रुपवर फोटोसह जाहीर करा. पाच मिनिटांत काकांचा निरोप येईल की हा नव्हेच, आपला मर्फी होता. दहाव्या मिनिटाला आत्या विचारेल, वाटण्यांच्या वेळी तो नेला कोणी. हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यासाठी वकील पाहावा.