उजनीपेक्षा चारेक मीटर उंच

‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी चित्रकथेतला सगळ्यात मोठा राक्षस ६० मीटर उंच आहे. उजनी धरणाची भिंत पायापासून मोजली तर ५६ मीटरच्या थोडी वर भरते. कथेतली भिंत ५० मीटरची. तिच्या आत माणसं शंभर वर्षं निर्धास्त जगत असतात, आणि एका दुपारी तो राक्षस वरून डोकावतो. पहिल्याच प्रकरणात भिंत फुटते. पुढची साडेअकरा वर्षं हाजिमे इसायामा नावाचा माणूस दर महिन्याला त्या फुटलेल्या भिंतीचा हिशोब कागदावर मांडत राहिला.

बारामती-इंदापूरच्या पोरांना हे सगळं पाठ आहे. कॉलेजच्या बॅगांवर त्या कथेतल्या सैनिकांचं पंखांचं चिन्ह दिसतं. एसटीत बसल्याबसल्या एपिसोड संपवले जातात, आणि ‘स्पॉयलर देऊ नको’ म्हणून मित्राला दम दिला जातो. घरात मात्र तक्रारी दोनच. पहिली: ‘एवढा घोडा झाला, तरी कार्टून बघतो.’ दुसरी: ‘त्यात नुसती कापाकापी असते.’ या दोन्ही तक्रारी एकाच तोंडून येतात. अहो, कापाकापी असेल तर ते लहान मुलांचं कार्टून कसं? पहिली तक्रार सोडून द्या. दुसरी बरोबर आहे. पाचवी-सहावीतल्या मुलानं हे बघू नये, असं माझंही ठाम मत आहे. अकरावी-बारावीतल्या मुलानं बघितलं तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसानं शेजारी बसून दोन भाग तरी पाहावेत. मग भांडायला काहीतरी खरं सापडेल.

आता इसायामाचं गाव. जपानच्या क्यूशू बेटावर ओइता प्रांत, त्यात हिता शहर, आणि त्या शहरात आता सामावलेलं ओयामा. चारी बाजूंनी डोंगर. जमीन चिंचोळी, भात पिकवून पोट भरेना, म्हणून १९६१ साली गावानं ठरवलं की भात सोडायचा आणि आलुबुखार नि चेस्टनट लावायचे. ‘आलुबुखार लावू, चेस्टनट लावू आणि हवाईला फिरायला जाऊ’ अशा अर्थाची घोषणा गावानं दिली होती. ज्वारीवरून उसावर आणि उसावरून द्राक्ष-डाळिंबावर गेलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे गाव समजावून सांगावं लागणार नाही. इसायामाचा जन्म इथला, १९८६ चा. डोंगरांनी वेढलेल्या गावात वाढताना पलीकडे काय असेल हा प्रश्न डोक्यात होता आणि त्यातूनच भिंतींची कल्पना आली, असं त्यानं मुलाखतींमधून सांगितलं आहे. पुढे तो टोकियोत एका इंटरनेट कॅफेत काम करत होता. तिथं एक दारू प्यायलेला गिऱ्हाईक त्याच्या अंगावर आला. समोरचा माणूसच आहे, पण त्याच्याशी बोलून काही उपयोग नाही, ही भीती त्याच्या राक्षसांमध्ये उतरली. हे राक्षस शिंगं-सुळ्यांचे नाहीत. उघडे, हसतमुख, मोठ्या बाळांसारखे चालत येतात आणि माणूस खातात. इतकी साधी आणि इतकी घाणेरडी भीती फार थोड्या चित्रकारांना सापडली आहे.

त्याची चित्रं सुरुवातीला कच्ची होती. प्रमाण चुकलेलं, रेषा थरथरणारी. एका बड्या साप्ताहिकाकडे तो गेला, तेव्हा त्यांच्या साच्यात बसवून आण असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं साचा नाकारला आणि तो कोदान्शा प्रकाशनाकडे गेला. कोदान्शानं सप्टेंबर २००९ मध्ये ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझीन’ हे नवं मासिक काढलं आणि त्याच्या पहिल्याच अंकात या तेवीस वर्षांच्या पोराची लांबलचक गोष्ट सुरू केली. नवं मासिक, नवा चित्रकार आणि कच्ची रेषा, असं सगळं असूनही संपादकानं पानं दिली. एप्रिल २०२१ मध्ये १३९ प्रकरणं आणि ३४ खंडांवर गोष्ट थांबली. मधल्या काळात २०१३ पासून विट स्टुडिओनं आणि शेवटच्या पर्वात मापा स्टुडिओनं तिचं ॲनिमे केलं, ते नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण झालं. छापलेल्या प्रती १४ कोटींच्या घरात गेल्या.

हा आकडा वाचून कुणी म्हणेल, जपानची गोष्टच वेगळी. मी म्हणतो, त्या पहिल्या संपादकाची गोष्ट वेगळी.

ओयामात एक धरण आहे. साधं काँक्रीटचं. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या पायथ्याशी तीन पुतळे बसवले: एरेन, मिकासा आणि आर्मिन, कथेतली तीन मुलं. तिघं मान वर करून धरणाच्या भिंतीकडे बघतायत, राक्षस आता डोकावेल अशा थाटात. पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले. पुढच्या वर्षी हिता स्टेशनासमोर आणखी एका पात्राचा पुतळा आला, आणि ओयामाच्या रस्त्याकडेच्या विक्रीकेंद्रात या मालिकेचं संग्रहालय झालं. फळं विकणाऱ्या गावाला चित्रांनी दुसरी ओळख दिली.

आणि आपल्याकडे? उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. ११७ टीएमसीच्या आसपास पाणी साठवतं. त्या पाण्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतली गावं आहेत. पळसदेवचं जुनं गाव पाण्यात गेलं, पण पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ पाण्याखालीही उभं राहिलं. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की आधी शिखर दिसतं, मग खांब, मग चौथरा. लोक बघायला जातात. जुनी माणसं बोट करून सांगतात, आमचं घर तिकडं होतं, चावडी इकडं होती, पार इथं होता. अख्खं गाव पाण्याखाली आणि देऊळ दर काही वर्षांनी वर येतंय, ही अंधारी अद्भुतकथेची पहिली चौकट आहे. तयार आहे. कुणाकडून उसनी आणायची गरज नाही. तिथं फक्त मोबाइलवर रील निघतात.

भिंतही आपल्याकडे आहे, फक्त ती आडवी आहे. बारामती तालुक्याचा नकाशा घ्या. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी काढला. कालव्याखालचं ते बागायत: ऊस, कारखाने, कोट्यवधींच्या गप्पा. कालव्याचं पाणी पोचत नाही ते जिरायत: सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडीचा पट्टा. एकच तालुका, एकच आमदार, आणि मध्ये पाण्याची रेघ. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी कधी सुटणार हा प्रश्न जिरायतीतल्या माणसाच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे. लग्न जुळवताना मुलीचा बाप आधी हेच विचारतो: जमीन कालव्याच्या कुठल्या अंगाला?

इसायामाच्या कथेतही भिंती तीन आहेत, एकात एक. सगळ्यात आतल्या भिंतीत राजा आणि सरदार. सगळ्यात बाहेरच्यात ज्यांना दुसरीकडे जागा नाही ते. बाहेरची भिंत पडते तेव्हा निर्वासित आत येतात, धान्य पुरत नाही, आणि सरकार त्यातल्या अडीच लाख लोकांना ‘गेलेली जमीन परत मिळवा’ म्हणून राक्षसांपुढे पाठवतं. परत येतात ते शंभरभर. कथेत या प्रसंगाला फार थोडी जागा मिळते. एक म्हातारा जाताना नातवाच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवतो. पुढे नातू ती टोपी छातीशी धरून रडतो. मला अख्ख्या मालिकेत सर्वाधिक भीती या प्रसंगाची वाटली, आणि त्यात राक्षस जवळजवळ नाहीच. धरणग्रस्तांच्या मोर्चाला गेलेल्या कुणालाही हा प्रसंग लगेच कळेल. पुनर्वसनाचा कागद हातात देऊन माणसं माळावर पाठवणं काय असतं, हे इंदापुरात शिकवावं लागत नाही.

शेवट मला पटला नाही. भिंतीपलीकडच्या जगानं ज्यांना सैतान ठरवलं, त्यांच्यातलाच नायक सगळं जग तुडवायला निघतो. इथवर इसायामा निर्भय आहे. पण इतक्या माणसांच्या मरणानंतर तो त्या नायकाला मित्रांच्या तोंडून हळुवार निरोप देतो, आणि मेलेल्यांचा जाब कुणी पुरेसा विचारत नाही. जपानमध्ये आणि बाहेर या शेवटावर कडाक्याची भांडणं झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एका चित्रकथेच्या शेवटावरून पोरं न्याय, सूड आणि देशभक्ती यांवर पहाटेपर्यंत वाद घालतात, हे मी इथल्या पोरांमध्ये पाहिलंय. शाळेतल्या कुठल्या धड्यानं हे घडवलं?

आणि हा वाद ती कुठल्या भाषेत घालतात? तर मराठीत. पण बघितलेलं असतं जपानी आवाजात, खाली इंग्रजी ओळी वाचत. ‘डीमन स्लेयर’ या दुसऱ्या जपानी मालिकेचा मोठा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात लागला, तो जपानीसह इंग्रजी, हिंदी, तमीळ आणि तेलुगूत. मराठीत नाही. युगो साको आणि राम मोहन यांचं जपान-भारत मिळून केलेलं रामायण जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा पडद्यावर आलं, तेही जपानी सोडून याच चार भाषांत. मराठीत नाही. जपानी माणूस रामायण काढतो आणि ते मराठी आवाजाशिवाय महाराष्ट्रात चालतं. बारामतीला तरी याचा राग यायला हवा, कारण याच गावात मोरोपंतांनी रामायणं रचली. एक नाही, परंपरा १०८ सांगते. त्यात ओठ न मिटता म्हणता येणारं निरोष्ठ रामायणही आहे.

मोरोपंतांचं नाव मी अभिमानापुरतं घेत नाही. त्यांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. बारामतीत त्यांना बाबूजी नाईकांचा आश्रय मिळाला. नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठी अजून उभा आहे. घर चालण्याची चिंता मिटली, पुराण सांगायचं काम मिळालं, आणि त्या निर्धास्तीत पंतांनी अख्खं महाभारत आर्येत उतरवलं. युद्ध, रक्त, शाप, राक्षस, सगळं आलं त्यात. कोदान्शाच्या संपादकानं २००९ मध्ये केलं, ते काम बारामतीत अठराव्या शतकात झालेलं आहे. गोष्ट सांगणाऱ्याला या गावानं पोसलेलं आहे.

मग चित्रातून गोष्ट सांगणाऱ्याला मराठीत कोण पोसतं? ‘चांदोबा’ होता. विक्रम खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चाललाय, हे चित्र के. सी. शिवशंकरन यांनी काढलं आणि महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांना त्यानं झोपेत घाबरवलं. ‘चांदोबा’ बंद पडला. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी १९८६ मध्ये नागराज रंगवला, तो दिल्लीच्या प्रकाशकासाठी, हिंदीत. ‘तुंबाड’ची मुळं नारायण धारपांच्या मराठी कथेत, सिनेमा हिंदीत. ‘मुंज्या’ कोकणातला, तोही हिंदीत. हात मराठी, भूत मराठी, पिंपळ मराठी. पैसा आणि पान दुसरीकडचं.

इंदापूरच्या एखाद्या शाळेत आज एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर पळसदेवचं देऊळ काढत असेल. वर पाणी, खाली गाव, आणि गावात अजून कुणीतरी राहतंय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा ती देईल, दहावीला वाढीव गुण घेईल, आणि तिथं तिची चित्रकला संपेल. कारण पुढचं पान कुठे आहे?

म्हणून या आठवड्याचा सवाल दिवाळी अंकांच्या संपादकांना आहे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपण या परंपरेचा गौरव करतो. दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. प्रत्येकात कथा, कविता, राशिभविष्य आणि व्यंगचित्रांची चार पानं असतात. सलग चित्रकथा कितींमध्ये असते? सोळा पानं द्या. पंचविशीच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला द्या. रेषा कच्ची असली तरी द्या. विषय भुताचा, धरणाचा, कोयत्याचा, ज्याचा त्याचा असू दे. कथेला देता तेवढंच नव्हे, दुप्पट मानधन द्या, कारण चित्रकथेचं एक पान म्हणजे लेखकाचं आणि चित्रकाराचं मिळून काम असतं. आणि ‘क्रमशः’ लिहायची हिंमत करा. पुढच्या दिवाळीपर्यंत वाचक थांबतो की नाही ते कळेल. इसायामाचे वाचक महिनाभर थांबत होते, साडेअकरा वर्षं.

बारामतीत कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, शिक्षणसंस्था आहेत, आणि दिवाळी अंकांत त्यांच्या पानपानभर शुभेच्छा छापून येतात. त्यातल्या एका संस्थेनं यंदा शुभेच्छांच्या पानाऐवजी एका चित्रकथेचा खर्च उचलावा आणि खाली बारीक अक्षरात आपलं नाव घालावं. जाहिराती आषाढातच गोळा व्हायला लागतात. सोळा पानं हातानं काढायला तीन-चार महिने सहज जातात. तेव्हा विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. पत्ता सोपा आहे: कुठल्याही शाळेच्या चित्रकलेच्या सरांना गाठा आणि वह्यांची मागची पानं दाखवा म्हणा.