साहेबांना सुई हवी

डेअरीच्या कचेरीत आकड्यांचं खातं माझ्याकडे आहे. खातं म्हणजे मी, एक संगणक आणि सगळ्यांच्या तक्रारी. संकलन, फॅट, एसएनएफ, टँकरची वेळ, सगळं एकाच पडद्यावर दिसलं पाहिजे असा हुकूम सुटला, तेव्हा मी जीव ओतला. ४५ केंद्रांचा एक गोल पाय चार्ट काढला. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली हा प्रकार पहिल्यांदा छापला, तेव्हा त्याने तुर्की साम्राज्याच्या आशिया, युरोप, आफ्रिका अशा तीन फोडी केल्या होत्या. माझ्या कलिंगडाच्या ४५ झाल्या. त्यांना ४५ रंग दिले. शेजारी सुईचे मीटर लावले. दूध वाढलं तर हिरवा दिवा, घटलं तर लाल.

दिव्यांबद्दल दोन गोष्टी मला नंतर समजल्या. एक म्हणजे उन्हाळ्यात म्हशी आटतात. पुष्टकाळ संपून कृश काळ लागला की दूध घटणारच. पण तुलना मागच्या महिन्याशी असल्यामुळे मार्चपासून माझा सगळा जिल्हा लाल. दुसरी म्हणजे आमच्याकडे डॅशबोर्ड उघडत नाहीत, प्रिंट मारतात. प्रिंटर काळा-पांढरा. त्यात लाल आणि हिरवा सारखेच करडे.

मग मी डिझाइनवरची पुस्तकं वाचली आणि खरी अधोगती सुरू झाली. डॉन नॉर्मनने १९८८ साली लिहून ठेवलंय की, ढकलायचं दार माणूस ओढत बसला तर दोष दाराचा, माणसाचा नव्हे. स्टीफन फ्यू २००६ सालच्या पुस्तकात सुईच्या मीटरांवर असा घसरला आहे की माझा पडदा त्याने आधीच पाहिला असावा असं वाटलं. जेकब नीलसनच्या मते पाच वापरणारे बसवून बघितले की बहुतेक दोष बाहेर पडतात. मी पाच जण गाठले. ‘‘तुम्हाला कोणती माहिती हवी?’’

‘‘सगळी,’’ संकलनाचे साहेब म्हणाले. ‘‘पण एका पानात.’’

बाकी चौघांनी त्यात आपापला एक रकाना वाढवला. साहेबांचं एक पान शाबूत ठेवण्यासाठी अक्षर बारीक करत गेलो. शेवटी ते पान वाचायला भिंगाची गरज होती आणि भिंग घ्यायला मंजुरीची.

पुस्तकांत पुढे असंही होतं की विचारू नका, माणूस काम करतो तिथे जाऊन गुपचूप बघा. म्हणून पहाटे एका केंद्रावर वही घेऊन उभा राहिलो. केंद्रचालकाला मी वजनमापाचा इन्स्पेक्टर वाटलो. त्याने थेंबाथेंबाचा हिशेब सुरू केला, कॅन दोनदा निथळून घेतला. रांग थेट रस्त्यावर गेली.

‘‘ह्यो कोन उभा केलाय?’’ एका आजींनी विचारलं. ‘‘पोरं शाळंला जायाची हाईत आमची.’’

मी डेअरीचाच माणूस आहे हे पटल्यावर केंद्रचालक मोकळा झाला. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर पेनाची गिचमिड. पण बहुतेक चौकोन कोरेच. एकात ‘फॅट कमी’, एकात ‘टँकर उशीर’, एकात दोन आडनावं. हे कोण? तर दुसऱ्या डेअरीने रुपया जास्त दिला म्हणून तिकडे वळलेले गवळी.

‘‘आणि रोजचं दूध?’’

‘‘ते रोज येतंयच की. ते कशाला लिवायचं?’’

आमच्या घरीही १९७३पासून, म्हणजे ‘कालनिर्णय’ निघालं तेव्हापासून, दुधाचा हिशेब असाच आहे. आई फक्त खाडा लिहायची, आता बायको लिहिते. महिनाअखेर वजाबाकी केली की बिल तयार. हे स्वयंपाकघरात इतकी वर्षं बघत असूनही मला फ्यूला विचारावंसं वाटलं. कारण तो इंग्रजीत लिहितो.

परत येऊन मी सगळं पाडलं. महिन्याचं कॅलेंडर, तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, सगळं ठीक असेल तर चौकोन कोरा. कुठे फॅट अचानक पडलं किंवा दूध घटलं तरच एक ओळ, काळ्या अक्षरात. आणि वेळ सकाळी नऊची. आधी माझे आकडे दुसऱ्या दिवशी अकराला यायचे. तोवर दोन वेळचं दूध आणखी येऊन जायचं आणि फुटलेला गवळी तिकडे रुळायचा. नऊला कळलं तर संध्याकाळच्या संकलनाआधी फोन तरी जातो. रूटवरच्या सुपरवायझरांनी कधी नव्हे तो मला चहा पाजला.

मोठ्या साहेबांनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली. त्या दिवशी सगळं सुरळीत होतं.

‘‘हे कोरं आहे.’’

‘‘म्हणजे सगळं व्यवस्थित आहे, साहेब.’’

‘‘मग तुम्ही महिनाभर काय केलंत? आणि ती सुई कुठे गेली? संचालकांना सुई आवडते.’’

वापरणारा राजा, हे मीच सगळ्यांना ऐकवत फिरत होतो. सुई परत आली. सध्या दोन रिपोर्ट निघतात. कोऱ्या चौकोनांचा सुपरवायझर वापरतात. सुईचा संचालकांच्या बैठकीत पडद्यावर झळकतो. एरवी तो कोण उघडतं याची नोंद संगणक ठेवतो आणि त्या नोंदीत एकच नाव आहे, माझं.

तुमच्याकडेही असा कोणी आकडेवाला असेलच. त्याला काहीही सांगा, पण ‘सगळं दाखव’ म्हणू नका. तो खरंच दाखवतो.