माझी पदावनती

छत्तीस वर्षं कारकुनी केली, पण ‘सक्षम अधिकारी’ काही झालो नाही. म्हणून निवृत्तीनंतर वर्ध्याच्या घरी कॉम्प्युटर आला आणि माझ्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ दिसलं, तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं.

“म्हणजे काय जी?”

“म्हणजे इथं मला कोणाची परवानगी लागत नाही.”

“मग सिलिंडर नोंदवा.”

विंडोज बिचारं दर वेळी विचारायचं, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? जन्मभर ‘मान्यतेस्तव सादर’ लिहिणाऱ्याकडे कोणीतरी मान्यता मागत होतं! ‘होय’ दाबायची चटकच लागली. फुकट मराठी फॉन्ट, पंचांग, कॉम्प्युटरचा वेग दुप्पट करणारं यंत्र, सगळं मंजूर. महिनाभरात ब्राउझर उघडला की रमीची जाहिरात आधी, मी नंतर. आणि कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन जायच्या.

दिवाळीला पोरगी पुण्याहून आली. तिनं सगळं पुसलं, विंडोज नव्यानं टाकलं आणि दोन खाती उघडली. ॲडमिनिस्ट्रेटर ती, मी ‘स्टँडर्ड युजर’.

“बाबा, तुम्ही उघडाल त्या प्रोग्रामला तुमचेच अधिकार मिळतात. तुम्ही साधे, तर घुसणारा चोरही साधा. साल्ट्झर आणि श्रोडरनं 1975 सालीच लिहून ठेवलंय, कामापुरतेच अधिकार द्या म्हणून.”

“कोण हे?”

“बरं, ते राहू द्या. बापूकुटीत सामान किती आहे? कामापुरतंच ना?”

1936 साली सेवाग्रामला येऊन राहिलेल्या माणसाचा दाखला दिला की वर्धेकराची बोलती बंद होते. वर तिनं बजावलं, “तरी तुमच्या खात्यातल्या फायली चोराच्या हाती लागू शकतातच. दर रविवारी पेनड्राइव्हवर प्रत काढा, आणि पेनड्राइव्ह उपसून ठेवा.”

गप्प बसलो, पण पटलं नव्हतं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. बंदीतून वाट काढायची कला इथल्या हवेतच आहे. ती गेल्यावर तिच्या खात्याचा पासवर्ड म्हणून तिची जन्मतारीख, स्कूटरचा नंबर, शेवटी आमचं वर्ध्याचं बिस्किट ‘गोरसपाक’सुद्धा टाकून पाहिलं. नाही उघडलं.

फेब्रुवारीत मेल आला: बिल थकलंय, आज रात्री वीज कापू, सोबतचं बिल उघडा. उघडलं. पडदा काळवंडला आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. पोरीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. तासभर तिच्या नावानं चरफडलो. मग आठवलं, बिल तर परवाच भरलं. चष्मा पुसून पाहिलं, फायलीच्या नावाची शेपटी पीडीएफ नव्हती, ईएक्सई होती. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मात्र मार्चमध्ये सवलतीत प्रिंटर घेतला, तो बसवायलाही तोच पासवर्ड लागतो. फोनवर सांगायला ती तयार नाही. “पोळ्याला येते,” म्हणाली. प्रिंटर खोक्यात आहे.