रंग ओला आहे, घर विकणे आहे

सांगलीत कुणी घर रंगवायला काढलं की गल्ली एकच प्रश्न विचारते: लग्न काढलंय की घर काढलंय? लग्न असेल तर संशय लवकर फिटतो, पत्रिका येते. पत्रिका आली नाही आणि रंगारी मात्र तिसऱ्या खोलीत शिरला, तर समोरच्या काकू कंपाउंडवर हात टेकून विचारतात, "मग, काय गुंठा म्हणताय?"

दुसरी खूण रंगातच असते. राहण्यासाठी रंगवायचं असलं की घरात आठवडाभर शेडकार्डावरून वाद होतो. मुलीला जांभळा हवा असतो, आजींना पिस्ता, आणि शेवटी मागच्याच वेळचा रंग ठरतो. विकण्यासाठी रंगवायचं असलं की वादच नाही. ऑफ व्हाइट. कुणाला आवडावा म्हणून नव्हे, कुणाला नावडू नये म्हणून. जो माणूस वर्षानुवर्षं हिरव्या ऑइलपेंटच्या स्वयंपाकघरात बिनतक्रार जेवला, त्याला एकाएकी घरात 'उजेड' हवासा वाटू लागतो.

कमी खर्चात घर खुलवावं आणि चढ्या भावानं विकावं, हा सल्ला सध्या सगळीकडं फुकट मिळतो. मोबाइलवर मिळतो, न्हाव्याच्या दुकानात मिळतो, आणि सगळ्यात जास्त मिळतो तो अशा मेहुण्याकडून, ज्यानं जन्मात घर विकलेलं नाही. "दाजी, पन्नास हजार घाला आणि पाच लाख वाढवून मागा." या हिशेबात घालायचे पन्नास हजार रोख असतात आणि पाच लाख फक्त मागायचे असतात. मागायला काय हो, कुणी पावती फाडत नाही.

त्यातून घर बैठं असलं की बघायलाच नको. फ्लॅटवाल्याला निदान एक सोय असते: छत गळलं की वरच्या मजल्यावर जाऊन भांडता येतं. बैठ्या घराला वरचा नाही आणि खालचाही नाही. जमिनीतली ओल जोत्यातून भिंतीत चढते, गच्चीवरचं पाणी स्लॅबमधून उतरतं, आणि दोघांची गाठ पडते ती हॉलमध्ये, बरोब्बर शोकेसच्या मागं. शोकेस तिथंच का आहे, हे घरातल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं.

रंगारी येतो तोच मुळी ती शोकेस सरकवून. भिंतीवर नख मारतो, पोपडा हातात येतो, खाली पांढरा खार भुरभुरतो. रंगारी हा या सगळ्या व्यवहारातला एकमेव खरं बोलणारा माणूस. तो सांगतो, "मालक, आधी ओल बंद करा, गच्चीचा कोबा बघा. ओल्या भिंतीवर लांबी भरून प्लॅस्टिक पेंटचे दोन हात मारले तर फुगे येणार." मालक विचारतात, "किती दिवसांनी?" "एक पावसाळा काढंल." मालकांचा चेहरा उजळतो. एक पावसाळा! त्यांना तर दिवाळीपर्यंतच हवं असतं. गच्चीच्या कोब्याचा खर्च वाचला, याचा आनंद ते त्या दिवशी भेळ आणून साजरा करतात.

दिवाळीच का, यामागं शास्त्र आहे. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तीन मजली इमारत आपल्या वजनानं तिला थोडीफार दाबून धरते. बैठं घर हलकं, ते बिचारं तिच्याबरोबर वर-खाली होतं. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा मे महिन्यात बोट जाईल एवढा रुंद असतो आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटतो. आता सांगा, घर दाखवायचं कधी? उन्हाळ्यात दाखवावं तर तडे, पावसाळ्यात दाखवावं तर ओल. पितृपक्षात गिऱ्हाईक येत नाही. राहिले दसऱ्यानंतरचे काही आठवडे: ओल वाळत आलेली आणि तडे अजून उघडायचे. घरांचे सौदे दसरा-दिवाळीला होतात ते मुहूर्तामुळं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझा विश्वास मातीवर आहे.

शामरावनगरासारख्या सखल भागात तर घर खुलवण्याची वेगळी शैलीच तयार झाली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरलं, गाळ काढला, पण भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली, ती कुठल्याच रंगाला बधत नाही. मग मालकांना इंटिरियर सुचतं. हॉलच्या भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत टाइल्स! "मॉडर्न लुक आहे," असं ते पाहुण्याला सांगतात. पाहुणा सांगलीचाच असला तर टाइल्सच्या वरच्या कडेला हात लावून म्हणतो, "एवढं आलं होतं का पाणी?" टाइल्सची उंची वाचता न येणारं गिऱ्हाईक हवं असेल तर ते जिल्ह्याबाहेरून आणावं लागतं, आणि तेही हल्ली महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा आधी बघून येतं. निळ्या रेषेच्या आत घर आहे की बाहेर, हे कुठल्याही टाइल्सनं झाकत नाही.

शिवाय कायदा आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं ५५ वं कलम विकणाऱ्याला सांगतं की, मिळकतीतला किंवा तिच्या मालकीहक्कातला जो मोठा दोष तुला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो तू त्याला सांग. आयर्विन पूल १९२९ चा; हे कलम त्याच्याही आधीचं. तेव्हा प्लॅस्टिक पेंट नव्हता, पण माणसं हीच असावीत. 'मालकीहक्कातला दोष' हे शब्द जरा ध्यानात ठेवा, त्यांच्याकडं परत यायचंय.

आधी फरशी. जुन्या बैठ्या घरांत मोझॅकची फरशी असते, कुठं शहाबादी. मशिननं घासून पॉलिश केली की मोझॅक पुन्हा नव्यासारखी चकाकते आणि खर्च नव्या फरशीच्या मानानं किरकोळ. म्हणूनच ते कुणी करत नाही. पाहुण्याला 'नवीन' दाखवायचं असतं. मग जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नव्या टाइल्स बसवतात. उखडायची मजुरी वाचते. जमीन इंचभर वर येते. सगळी दारं अडतात. सुतार बोलावून दारं खालून तासतात, तासलेली दारं खालून बोडकी दिसतात म्हणून त्यांना रंग, दारांना रंग म्हणून चौकटींना रंग. बाथरूमचं पाणी अडवणारा उंबरा नव्या फरशीच्या पातळीत येतो आणि बाथरूम हळूहळू पॅसेजमध्ये येऊन राहतं. वाचलेल्या मजुरीचा हिशेब इथं मेहुण्यालासुद्धा लागत नाही.

खरोखर स्वस्त कामं वेगळीच आहेत, पण त्यांना मान नाही. गच्चीवरच्या पावसाळी पाइपाच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा काढणं: एक माणूस, एक खुरपं. निम्मी गळती तिथंच थांबते. गळणाऱ्या नळाचा वॉशर. बाथरूमच्या टाइल्सच्या फटी खरवडून नव्यानं भरणं. मीटरच्या बोर्डावर फ्यूजच्या जागी कुणीतरी पिळून बसवलेली तांब्याची तार काढून तिथं नीट ब्रेकर बसवणं. आणि सगळ्यात स्वस्त, म्हणजे फुकट: माळा रिकामा करणं. यात मात्र भलेभले हरतात. तांब्याचा बंब, दोन पाय नसलेला पाट, पहिल्या मिक्सरचं खोकं, घरच्या चार लग्नांतल्या आहेराच्या स्टीलच्या कळश्या, १९९० पासूनची कॅलेंडरं (मागं दुधाचा हिशेब आहे म्हणून ठेवलेली). खोली मोकळी झाली की दीडपट वाटते हे कुणीही मान्य करील, पण "हे टाकूया का?" असं म्हणून दाखवा. घर विकायला तयार झालेली माणसं बंब द्यायला तयार होत नाहीत. शेवटी माळ्यालाच पडदा लावतात. ऑफ व्हाइट.

वास्तुशास्त्राविषयी थोडक्यात. येणारा पाहुणा मोबाइलमधलं होकायंत्र काढून हॉलमध्ये फिरतो. तो लोखंडी ग्रिलजवळ उभा राहिला तर उत्तर दिशा कुठंही जाऊ शकते. चाणाक्ष मालक त्याला कुठं उभं करायचं हे आधी ठरवून ठेवतात. संडास ईशान्येला असेल तर हा सगळ्यात किफायतशीर उपाय आहे.

एवढं सगळं झाल्यावर खरं गिऱ्हाईक येतं. हे गिऱ्हाईक चप्पल काढत नाही. दारातूनच विचारतं, "गुंठे किती?" "तीन." "समोरचा रस्ता?" तो रस्ता किती रुंद आहे त्यावर या जागेवर किती बांधता येईल हे ठरतं, आणि त्याला तेवढंच हवं असतं. काकू चहा घेऊन येतात, मालक हॉलच्या उजेडाकडं हात दाखवतात, गिऱ्हाईक कंपाउंडच्या कडेनं पावलं मोजत निघून गेलेलं असतं. परत येतं ते, "मागं विहीर-बिहीर नाही ना?" असं विचारत. घराबद्दल ते एकदाच बोलतं, तेही नव्या टाइल्सवर टाच आपटून: "हे पाडायला जरा वेळ लागणार ओ, खर्च धरावा लागंल." सागवानी खिडक्या मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. त्या जुन्या बाजारात विकल्या जातात. त्यांवर नुकताच रंग चढवून तुम्ही त्यांचं सागवान झाकलेलं असतं, तो रंग खरवडण्याचा खर्चही ते धरतं.

समजा, नशिबानं पाडणारा नव्हे तर राहणारा घेणारा मिळाला. तोही पगारदार, म्हणजे बँकेचं कर्ज. कर्ज म्हटलं की वकील येतो, आणि वकील भिंतीकडं बघतच नाही. तो कागद मागतो. इथं त्या ५५ व्या कलमाचे शब्द आठवा. मिळकत पत्रिकेवर नाव आजोबांचं. आजोबा जाऊन दोन पिढ्या झाल्या, वारसनोंद कुणी केलेली नाही. वडिलांना तीन बहिणी. त्यांपैकी एक पुण्याला, एक बेळगावला, आणि एक जी २००८ च्या मुंजीतल्या साडीवरून बोलत नाही. तिघींची किंवा त्यांच्या मुलांची हक्कसोडपत्रं नाहीत. सोसायटीचं कर्ज १९९७ सालीच फिटलं, तसा दाखला कपाटात लॅमिनेट करून ठेवला आहे, फक्त तो नगर भूमापन कार्यालयात द्यायचा राहिला, म्हणून बोजा अजून कागदावर बसून आहे. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे बिनपरवाना पाडलेला; तो नियमित करून घेण्यासाठी २००१ मध्ये खास कायदा झाला, तेव्हा "बघू पुढं" म्हणून सोडलेलं. आणि मागच्या बाजूची पत्र्याची खोली, जिला जाहिरातीत 'तिसरी बेडरूम' म्हटलंय, तिचा कागदावर कुठंच पत्ता नाही.

आता तुलना करा. वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र, बोजा कमी करण्याचा अर्ज, मोजणी: हा सगळा सरकारी खर्च एकत्र केला तरी नव्या टाइल्सच्या पासंगाला पुरणार नाही. वेळ लागतो, खेटे पडतात, आत्याकडं जाऊन साडीचा विषय काढावा लागतो. घराची किंमत खरोखर वाढवणारी सुधारणा हीच. पण ती पाहुण्याला दाखवता येत नाही, फेसबुकवर 'आधी' आणि 'नंतर' असे तिचे फोटो टाकता येत नाहीत. म्हणून लोक रंगाचा डबा उघडतात.

जाता जाता प्राप्तिकराचं. घर विकून झालेला नफा मोजताना घरात केलेली सुधारणा त्यातून वजा मिळते, असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण वाढवलेली खोली, नवी बोअर ही सुधारणा. रंगरंगोटी आणि डागडुजी ही देखभाल. शिवाय बिल लागतं. रंगाऱ्याचा हिशेब असतो वहीच्या पानावर, त्यात मध्येच 'चहा ४०' लिहिलेलं. आणि १ एप्रिल २००१ पूर्वी केलेला खर्च वेगळा धरतच नाहीत. घर त्याआधीचं असेल तर त्या दिवशीचा वाजवी भाव घेता येतो. म्हणजे वडिलांनी मोठ्या हौसेनं तेव्हा बांधलेला व्हरांडाही वेगळा हिशेबात नाही आणि मेहुण्याचे पन्नास हजारही नाहीत.

तेव्हा घर काढायचा विचार असेल तर रंगाऱ्याला फोन करण्याआधी एक काम करा. या महिन्याचं विजेचं बिल, घरपट्टीची पावती आणि मिळकत पत्रिका शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. तीन कागदांवर तीन नावं असतील आणि त्यांपैकी एकही तुमचं नसेल, तर भिंतींना राहू द्या तशाच हिरव्या. आधी आत्याला फोन लावा.