नेटवर्कची अंकलिपी (ओतूरच्या नव्या प्रोग्रामरांसाठी)

डिग्री घेऊन ओतूरला घरी आलात, की पहिल्याच संध्याकाळी मामा विचारणार, "कंप्युटरवाला ना तू? मग आमचं नेट का चालंना?" अशा वेळी 'माहीत नाही' असे म्हणू नये. पुढील शब्द म्हणावेत.

सुरुवात 'पिंग'ने करावी. पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून हे नाव माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने 1983 मध्ये ठेवले. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. मात्र 127.0.0.1 ला पिंग करू नये. तो आपल्याच यंत्राचा पत्ता. उत्तर हमखास येते आणि मामा उगाच खूश होतात.

पिंग लागला, पण पान उघडेना, तर 'डीएनएस' म्हणून मोकळे व्हावे. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा. दोष बऱ्याचदा खरोखरच तिचा निघतो, त्यामुळे न तपासता बोललात तरी अब्रू राहते.

श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत मोबाइलला रेंज पूर्ण दिसते आणि फोटो मात्र जात नाही. तेव्हा 'कंजेशन' म्हणावे. हा शब्द वजनदार आहे, कारण त्याने एकदा खुद्द इंटरनेट झोपवले होते. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेपासून तिथल्याच विद्यापीठापर्यंत, म्हणजे जेमतेम चारशे यार्डांवर, वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. पाकीट हरवले की जो तो तेच पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे आणि आणखी पाकिटे हरवत. व्हॅन जेकबसनने 1988 मध्ये टीसीपीला शिस्त लावली: पाकीट हरवले की आधी वेग कमी करा, मग बेताने वाढवा. यात्रेत एकच फोटो दहादा पाठवणाऱ्यांना ही शिस्त अजून कुणी लावलेली नाही.

प्रोसेसविषयी बोलताना आवाज खाली ठेवावा. 'पेरेंट मेला की ऑर्फन चाइल्डला इनिट दत्तक घेतो' हे युनिक्सचे साधे सत्य. पण ओसरीवर आजी बसलेली असते. 'झोंबी' म्हणजे सातबाऱ्यावरचे मयताचे नाव: माणूस गेला, पण पेरेंटने नोंद घेतली नाही म्हणून यादीत राहिला. त्याला पुन्हा 'किल' करून काही होत नाही, पेरेंटलाच गाठावे लागते.

'सबसिस्टिम' हा शब्द तोंडी समजावत बसू नये. सरळ नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 मध्यभागी आणि 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, साधारण 25 किलोमीटरच्या टापूत. तबकडी वळवणारी यंत्रणा वेगळी, आकाशातले संकेत टिपणारी वेगळी, ते ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत आणणारी वेगळी. एखादी तबकडी दुरुस्तीला काढली, तरी बाकीच्यांवर निरीक्षण चालू राहते. आपल्या ऑफिसांत मात्र एक सर्व्हिस पडली की अख्खी टीम कॉलवर येते.

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, सर्वांना प्रवेश असतो. मामांनाही न्या. फक्त मोबाइल बंद ठेवा. दुर्बिणीला त्याचा त्रास होतो.