मुद्देमालात लसूण

(बैलकुप्पे. नामद्रोलिंग मठासमोरचं तिबेटी हॉटेल. कूर्ग उरकून म्हैसूरला निघालेली पुण्याची सहलीची बस बाहेर उभी. एका टेबलावर लोकेशन बघायला आलेला दिग्दर्शक, काळ्या टी-शर्टात. दुसरीकडे जागा नाही म्हणून समोर येऊन बसलेले मुंबई पोलिसांतले निवृत्त फौजदार, कानटोपीत.)

दिग्दर्शक : काका, जरा बोललो तर चालेल? सीरियल किलरवर पिक्चर करतोय. एकदम डार्क.

फौजदार : बोला की. मोमो यायला वेळ आहे.

दिग्दर्शक : खुनांची मालिका. प्रत्येक प्रेतापाशी खुनी एक मंत्र लिहून ठेवतो. मागावर दोन डिटेक्टिव्ह. एक घटस्फोटित, एक दारुडा.

फौजदार : दारुडा ड्यूटीवर?

दिग्दर्शक : त्याला भूतकाळ आहे.

फौजदार : तो सगळ्यांनाच असतो, साहेब. सर्व्हिस बुकात नोंद आहे का, ते विचारतोय.

दिग्दर्शक : मंत्राचा माग काढत तो इथे येतो. पण इथे अंधारच मिळेना! देऊळ सोनेरी, पताका पाच रंगांच्या, बालभिक्खू आइस्क्रीम खातायत, चहूकडे मक्याची शेतं.

फौजदार : साठच्या दशकात देश सोडून आलेली माणसं ही. जंगल तोडून मका पेरला, मठ बांधले. खुनाला फुरसत कोणाला होती? आणि तपास तरी कसा करणार? संशयित हजारो, सगळ्यांचं डोकं तुळतुळीत, सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे. ओळख परेडीला पंच उभा राहायचा नाही.

दिग्दर्शक : म्हणून एफबीआयचा एक गोरा तज्ज्ञ आणलाय मी.

फौजदार : परदेशी माणसाला इथे मुक्काम करायचा तर संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो. त्याचे कागद होईपर्यंत खुनी म्हातारा होईल.

दिग्दर्शक : (वही उघडत) बरं, तुम्ही खरं काम केलंय. सांगा, खुनी आणि पोलीस यांची बुद्धीची झुंज कशी असते?

फौजदार : मी भरती झालो चौऱ्याहत्तरला. पण सीरियल किलर रामन राघवची केस आमच्या जमादारांनी आम्हाला पाढ्यांसारखी घोकून घेतली होती.

दिग्दर्शक : माहितीय! श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन फिल्म केली. मग २०१६ मध्ये अनुराग कश्यपचा ‘रामन राघव २.०’, नवाजुद्दीन.

फौजदार : तो बघितला. ही त्या माणसाची गोष्ट नाही, असं सुरुवातीलाच सांगतात. तिकिटाचे पैसे घेतल्यावर.

दिग्दर्शक : मग खऱ्याला कोणत्या क्लूवरून पकडलं?

फौजदार : तोंडावरून. २७ ऑगस्ट १९६८. ॲलेक्स फियालो म्हणून उपनिरीक्षक होते. आरोपीचं वर्णन सगळ्यांना दिलेलं होतं, त्यांनी ते वाचलेलं होतं. माणूस दिसला, वर्णन जुळलं, धरला.

दिग्दर्शक : बस?

फौजदार : बस काय? आलेला कागद वाचणं ही खात्यात लहान गोष्ट वाटते तुम्हाला?

दिग्दर्शक : पाठलाग नाही? गच्चीवरून उडी?

फौजदार : झडती आहे. चष्मा, कंगवे दोन, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड. आणि दोन कागद, त्यांवर काहीतरी आकडेमोड.

दिग्दर्शक : आकडेमोड! कोड! काका, हा माझा पोस्टर! लसूण आपण कापून टाकू.

फौजदार : आधी सोलून घ्या.

दिग्दर्शक : मग चौकशी. अंधारी खोली, लोंबता बल्ब, समोरासमोर दोन मेंदू...

फौजदार : आरोपी तोंडच उघडेना. गुन्हे शाखेला रमाकांत कुलकर्णी साहेब. शेवटी विचारलं, बाबा, तुला हवंय तरी काय? म्हणाला, मुर्गी.

दिग्दर्शक : मुर्गी! बळीचं प्रतीक!

फौजदार : प्रतीक कसलं, रस्सा. दिली. आणखी मागितली, आणखी दिली. मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा.

दिग्दर्शक : कंगवे होते की दोन त्याच्याकडे.

फौजदार : ते मुद्देमालात जमा. तेल चोपडून, भांग पाडून, आरशात बघून झालं, मग हाच विचारतो, तुम्हाला काय हवंय? साहेब म्हणाले, खुनांची माहिती. दिली. ४१ खून कबूल. हत्यार लपवलं होतं तिथेही घेऊन गेला.

दिग्दर्शक : यात माझा दारुडा काय करणार? हिरो कोण?

फौजदार : हिरो नंतर शोधा. १९६५-६६ मध्ये मुंबईत जीआयपी रेल्वे लाइनीच्या कडेने असेच हल्ले झाले होते. १९ जणांवर. नऊ मेले. तेव्हा हाच इसम तिथे घुटमळताना पोलिसांना मिळाला होता. दरोड्याची जुनी शिक्षा रेकॉर्डवर. नावंसुद्धा पाच: सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी. पण कोणी पाहिलेलं नाही, पुरावा नाही. सोडला.

दिग्दर्शक : म्हणजे अडुसष्टपर्यंत मोकळा?

फौजदार : मोकळा. आणि मरणारे कोण, तर फुटपाथवर नाहीतर झोपडीत झोपलेले. कडी लावायला दार तरी पाहिजे. तुम्ही अंधारासाठी एवढं डिझेल जाळत आलात, तो तिकडे फायलीत बांधून ठेवलेला आहे.

दिग्दर्शक : फाइल शूट कशी करणार, काका? पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे.

फौजदार : फाइल हलत नाही, हीच तर रड आहे.

दिग्दर्शक : शेवट तरी? फाशी?

फौजदार : १९६९ ला सुनावली. अपील करणार नाही म्हणाला. मग डॉक्टरांनी तपासलं. मनाचा आजार, बरा न होणारा. १९८७ ला हायकोर्टाने जन्मठेप केली. १९९५ मध्ये पुण्यात, ससूनला, किडनीच्या दुखण्याने गेला.

दिग्दर्शक : क्लायमॅक्सला किडनी? निर्माता माझा खून करेल.

फौजदार : मग बुद्धाच्या दारात आलाच आहात, तर अंगुलीमाल घ्या. तोडलेल्या बोटांची माळ गळ्यात. मुद्देमाल अंगावर मिरवणारा आरोपी! आम्हाला उभ्या नोकरीत असा एक मिळाला नाही.

दिग्दर्शक : आणि त्यात पाठलाग आहे!

फौजदार : आहे, पण उलटा. हा जिवाच्या आकांताने धावतो, बुद्ध सावकाश चालतो, तरी हाताला लागत नाही. पुढे प्रसेनजित राजा ५०० घोडेस्वार घेऊन धरायला निघतो, तर आरोपी मुंडण करून, चीवर नेसून समोर बसलेला.

दिग्दर्शक : राजा तलवार उपसतो...

फौजदार : राजा आधी घाबरतो. मग विचारतो, भन्ते, वस्त्र, भिक्षा, औषध, काय हवं? तपासाची पद्धत अडीच हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. फक्त हा म्हणाला, माझ्याकडे तीन चीवरं आहेत, पुरे.

(मोमो येतात. बाहेर बसचा हॉर्न.)

दिग्दर्शक : काका, तुम्हीच काम करा माझ्या पिक्चरमध्ये. निवृत्त फौजदार. खुनी कोण, ते फक्त त्यालाच कळलेलं असतं.

फौजदार : मग बोलत का नाही?

दिग्दर्शक : फोन करतो ना. म्हणतो, फोनवर नको, भेटल्यावर सांगतो. आणि दहाव्या मिनिटाला मरतो.

फौजदार : वाटलंच. अहो, फोनवर नाव सांगायला काय होतं त्याला?

दिग्दर्शक : मग पिक्चर दहा मिनिटांत संपेल!

फौजदार : (मोमो तोंडात टाकत) संपू दे की. तेवढेच खून कमी.